खालचा लेअर

"ही बघा. हिचं एवढं होऊ शकतं, तर तुमच्या मुलीचं काय अवघड आहे?"

सरांनी काउंटरवर अल्बम उघडून ठेवला. पहिल्याच पानावर दोन फोटो. डावीकडे मी होते. उजवीकडेही मीच, पण दुधात बुडवून काढलेली. नाक बारीक केलेलं. ओठ पातळ केलेले. मी सहा फुटांवर कॉम्प्युटरसमोर बसले होते. हडपसरहून मुलीला घेऊन आलेल्या त्या बाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"आगं बया! हीच का ती?"

"हीच," सर म्हणाले. "वाशीम, जरा इकडे तोंड करा."

सर मला नावाने नाही, जिल्ह्याच्या नावाने हाक मारायचे. मी तोंड केलं. हे आधीच सांगून टाकते. आठ महिने मी हाक आली की तोंड करत होते.

मी घरातली पहिली पदवीधर. वाशीम जिल्ह्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले, बी.ए. झाले आणि पुण्यात आले. शहरात तेव्हा जिकडेतिकडे आयटीचा गाजावाजा होता. वारज्यात चार मुलींबरोबर खोली घेतली. डेक्कनजवळच्या एका फोटो स्टुडिओत काम मिळालं. सर त्याचे मालक. लग्नाळू मुलींचे फोटो हा तिथला मुख्य धंदा. मुलाकडचे आता ईमेलवर फोटो मागवायचे, त्यामुळे कॅमेऱ्यापेक्षा कॉम्प्युटरवरचं काम मोठं झालं होतं. चेहरा उजळ करायला सरांचा एक ठरलेला शब्दप्रयोग होता. "हिला जरा माणसात आणा."

पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाने विचारलं तर नुसतं नाव सांगत जा. आडनाव कशाला मध्ये."

मी म्हणाले, "हो सर. उपकार झाले."

आज तोंडात कडू पाणी येतं ते त्यांच्या वाक्याने नाही. माझ्या.

फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मी कधी पाहिलं नव्हतं. डावीकडे चित्रांची उभी पट्टी, उजवीकडे खिडक्याच खिडक्या, सगळं इंग्रजीत. मंदार नावाचा जुना ऑपरेटर होता. काही विचारलं की म्हणायचा, "बघून शिका." दुसऱ्याच आठवड्यात मी पाणी प्यायला उठले. परत येऊन बघते तर पडद्यावर नुसता फोटो. पट्टी नाही, खिडक्या नाहीत. मला वाटलं, मी मशीन बिघडवलं. मंदारची माफी मागितली. सरांची मागितली. रडले.

"वाशीमला वस्तू अशाच नाहीशा होतात वाटतं," सर म्हणाले.

दोघेही हसले. मग मंदारने वाकून काहीतरी दाबलं आणि सगळं परत आलं. मी त्याला थँक्यू म्हणाले.

त्यानंतर ते दोघे जेवायला गेले की मी शंभर पानी वही काढायची. एका हातात पोळीची गुंडाळी. पट्टीतलं प्रत्येक चित्र वहीत काढायचं आणि समोर मराठीत लिहायचं. फास टाकून तुकडा उचलतं. शिक्का मारून डाग झाकतं. थेंबाने रंग उचलतं. चित्रं संपली, तशी कीबोर्डवरचं एकेक बटण दाबून काय होतं ते लिहू लागले. टॅबपाशी आले. दाबलं. पट्टी, खिडक्या, सगळं नाहीसं. पुन्हा दाबलं. सगळं परत.

एक बटण. एवढ्यासाठी मी रडले होते, आणि ते उभे राहून मजा बघत होते.

लेअरही मला वहीनेच शिकवले. काचेवर काच ठेवावी तसे फोटोवर थर. बाजूच्या यादीत प्रत्येक थराचं नाव आणि नावापुढे एक छोटा डोळा. डोळ्यावर क्लिक केलं की तो थर दिसेनासा होतो. ओळखपत्रासाठी म्हणून माझा फोटो काढून सरांनी अल्बमात लावला होता. एका दुपारी मी त्याची फाइल उघडली. यादी वाचली. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द. सगळ्यात वर 'माणसात'. त्याखाली 'नाक'. त्याखाली 'रंग'. आणि तळाशी, माझ्या खऱ्या चेहऱ्याला दिलेलं नाव: 'कोळसा'.

कुणीतरी निवांत बसून ते टाइप केलं होतं. एकेक अक्षर.

शिसारी आली. तरी मी फाइल बंद केली आणि गप्प बसले. नोकरी हवी होती. त्या गप्प बसण्याचीही शिसारी आहे मला.

त्या दिवशी हडपसरच्या बाईंच्या मुलीचा फोटो काढून झाला होता. बाई सांगत होत्या, "मुलगा आयटीत हाय. अमेरिकेला जायाचाय. फोटो झ्याक पायजे." मुलगी मागे उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. रंगाने माझ्याचसारखी.

"वाशीम, ह्यांना स्क्रीनवर करून दाखवा," सर म्हणाले. "आधी तुमचाच उघडा." त्यांनी पडदा गिऱ्हाइकांकडे फिरवला.

मी फाइल उघडली. यादी सगळ्यांसमोर आली. मी वरून एकेक डोळा बंद करत खाली आले. उरले मी. मुलगी पुढे झुकली आणि तिने मोठ्याने वाचलं.

"कोळसा?"

"ते टेक्निकल नाव आहे," सर म्हणाले.

वरचे तिन्ही लेअर मी ओढून यादीखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. फाइल सेव्ह केली. बंद केली. मग ते परत येत नाहीत. हे सरांनाही माहीत होतं.

"सर, हा चेहरा माझा आहे. अल्बममधलं पान मी नेते."

"अहो, तुम्हाला माणसात कुणी आणलं, विसरलात?"

मी पान काढून वहीत घातलं. तेवढ्यात त्या बाई सरांना म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या. आमची तेवढी गोरी करून देताय न्हवं?"

मंदार माझ्या खुर्चीत बसला. दारातून मागे पाहिलं तेव्हा पडद्यावर त्या मुलीचं कपाळ पांढरं व्हायला लागलं होतं. ती पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

आज वारज्यात माझं स्वतःचं फोटोचं दुकान आहे. लोक अजून तेच म्हणतात, "ताई, जरा उजळ करा." मी धूळ काढते, ओरखडे काढते, फाटलेला कोपरा जोडते. कातडी बदलत नाही. दुसरीकडे जा, म्हणते. जातात. जाऊ देत. शिकायला कुणी आलं तर पहिल्याच दिवशी त्याला टॅब दाबायला लावते.

आणि फाइल उघडली की सगळ्यात आधी खालच्या लेअरला नाव देते. त्या माणसाचं. पूर्ण. आडनावासकट.