लाख वाती आणि लेकीची गाडी

मागच्या श्रावणात मी लक्षवातींचा नवस बोलले, आणि त्याच नवसापायी लेकीची गाडी माझ्या हातानं खड्ड्यात घातली. हसा नंतर, आधी ऐका.

आमची पल्लवी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळते. ऑनलाइन स्पर्धा होती. दोन रविवार, दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. पहिल्या पाचांत आली तर पुण्याला गेम बनवायच्या कोर्सला पाठवीन, असा तिच्या बाबांचा शब्द. मी लगेच हात जोडले. देवा, पोरीला खरेपणानं जिंकू दे, लाख वाती वाहीन.

शनिवारी दुपारी तिनं मला सगळं दाखवलं. म्हणे, आपल्या ग्राफिक्स कार्डात पूर्ण मापाचं चित्र भराभर काढायचा दम नाही. म्हणून ते लहान काढतं आणि मोठं करून दाखवतं. आणखी एक सोय असते, दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक अंदाजाचं घुसवायची. त्यानं पडद्यावर गाडी लोण्यासारखी पळते, पण हाताचं जरा उशिरा ऐकते. म्हणून शर्यतीत ती सोय बंद, लहानाचं मोठं तेवढं चालू.

“म्हंजे दिसते ते खरं नाही?”

“पुरते तेवढं खरं आहे, आई. सगळंच खरं पाह्यजे असन तर नेटिव्हवर, म्हंजे पूर्ण मापावर टाका लागते. मंग गाडीची बैलगाडी होते.”

त्यातलं ‘सगळंच खरं’ एवढं मी उचललं. बैलगाडी तिथंच सोडली.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली. मी देवाला उदबत्ती ओवाळली, तीच कॉम्प्युटरला ओवाळली, आणि तिनं दाखवलेल्या जागी ‘नेटिव्ह’ करून ठेवलं. केवढी मी सत्यवचनी!

शर्यत सुरू झाली. चित्र काय स्वच्छ म्हणता! रस्त्याकडेचं गवत मोजून घ्यावं. मोजायला सवडही होती, कारण गाडी एकदा वळणाच्या अलीकडे दिसायची आणि पुढच्या खेपेला थेट खड्ड्यात. मधलं काय झालं ते देव जाणे. पल्लवी शेवटून पहिली आली. तिचे बाबा चष्मा पुसत बसले.

लेकीनं सेटिंग उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पदर सावरून नवस सांगितला. लहानाचं मोठं केलेलं यश देवाला कसं चालेल?

ती उठली, देवघरातून वातींची पिशवी घेऊन आली.

“ह्या लाख वाती तू मोजल्या?”

आता कोण लाख मोजत बसतं हो? शंभर वळायच्या, मोजायच्या, तोलायच्या. पुढचा लाख वजनावर. आमच्याकडे सगळ्याच तसं करतात.

“वजनावर,” मी म्हटलं. “आन मधात थोड्या दुकानातल्या तयार.”

“म्हंजे लहानाचं मोठं केलं, अन् मधात तयार घुसवल्या. देवाले दोन्ही चालते, मले एक बी नाही?”

तिच्या बाबांना तेव्हा कुठं हसू फुटलं. “पुढच्या रविवारी फेरी होयेपर्यंत तुह्या आईले शेजारच्या घरी बसव.”

बसले. शेजारणीकडे कापूस पिंजत, जीव मुठीत धरून. पल्लवी चौथी आली. बाबांनी त्याच दिवशी कोर्सचा फॉर्म मागवला.

वाती वाहायच्या आधी मनाला टोचलं, म्हणून मापाच्या त्या शंभर पुन्हा मोजल्या. सत्त्याण्णव निघाल्या. म्हणजे माझ्या लाखातच तीन हजार कमी, आणि मी निघाले होते कॉम्प्युटरचं खरंखोटं करायला! त्या तीन हजार आता एकेक मोजून वळते आहे.

तुमच्याही देवघरात वजनावरचा लाख असेलच. तर बायांनो, लेकीच्या सेटिंगला हात लावण्याआधी आपल्या शंभर तेवढ्या पुन्हा मोजून घ्या.