तेलात पाणी

बायको वारल्यावर गाडी घेऊन जावं असं ठिकाणच उरलं नाही. तरी रोज सकाळी मी पार्किंगमध्ये उतरून इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचो आणि वर यायचो.

सोसायटीत वाद चालायचा, कुठलं सिंथेटिक ऑइल चांगलं. मला असल्या नुसत्या बडबडीचा राग येतो. काही महिने एक ऑइल वापरलं, मग दुसरं. दोन्हींचे नमुने रबाळ्याच्या लॅबमध्ये दिले.

लॅबमधल्या बाईंचा फोन आला. "काका, दोन्ही ऑइलं चांगलीच आहेत. पण दोन्हींत पाणी उतरलंय. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही बंद करता. अधूनमधून लांब जाऊन या, उरणपर्यंत तरी."

मी उखडलो. "उरणला माझं कोण आहे?"

त्या म्हणाल्या, "कोणी कशाला हवं? जायचं नि परत यायचं."

मग दर रविवारी उरणला जाऊन, गाडीतून न उतरताच परत येऊ लागलो. काही महिन्यांनी पुन्हा नमुना घेऊन लॅबमध्ये गेलो.

"रिपोर्ट मेलवर पाठवू ना?" बाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "फोनच करा."