आईच्या नळीवरची लाल पट्टी

आमच्या प्रयोगशाळेला दोनच खोल्या होत्या आणि त्यातली एक जवळजवळ फ्रीझरनेच खाल्ली होती. रत्नागिरीत एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेल्या या खोल्यांत मी साडेतीन वर्षं संशोधन साहाय्यक म्हणून काम केलं. हुद्दा ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात मी नळ्यांवर नंबर घालायची, सेंट्रिफ्यूजमध्ये रक्त फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं काढायची, आणि वीज गेली की मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्याकडे धावायची. वीज रोज जायची.

काम होतं म्हातारपणीच्या विसरण्याच्या आजाराचं. त्यात मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. माणूस आधी वस्तू विसरतो, मग वाटा, मग घरातली माणसं. हे सुरू झाल्याची काही खूण रक्तात सापडते का, ते आम्हाला पाहायचं होतं. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला आधी एक प्रश्नपत्रिका विचारायची, तीस गुणांची. अठरा किंवा जास्त मिळाले तर त्याच्या रक्ताच्या नळीला निळी पट्टी, म्हणजे निरोगी. कमी मिळाले तर लाल. महिन्याच्या शेवटी दोन्ही रंगांच्या नळ्या थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात रोवून, रेल्वेने मुंबईला पाठवायच्या. पुढच्या तपासण्या तिथे व्हायच्या.

प्रश्नपत्रिका शहरातून छापून आली होती आणि आमच्या मॅडमही शहरातूनच आल्या होत्या, पुण्याहून. शिस्तीच्या बाई. पेन्सिलीला टोक नसलं तरी बोलायच्या. माझं डोकं लवकर तापतं, त्यामुळे आमची रोज एक तरी चकमक व्हायची, पण कामावर त्यांचा जीव होता हे मी तेव्हाही नाकारलं नसतं.

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर एके सकाळी त्या नळ्यांचे स्टँड बघत उभ्या राहिल्या. "लाल ढीगभर झाल्यात. निळ्या मिळतच नाहीत. तुझ्या घरात कुणी निरोगी आहे का गं?"

मी म्हटलं, आई आहे. अठ्ठावन्न वर्षांची, पहाटे उठून घर आवरणारी, शेजारच्या बायकांबरोबर खाडीत उतरून टोपलीभर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून आणणारी. तिच्याइतकी धडधाकट बाई मला दुसरी माहीत नव्हती. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, बहिणींची लग्नं झाली होती, घरात आम्ही दोघीच. मी शेंडेफळ.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाले. एसटीत ती सगळ्यांशी बोलत होती, लेकीच्या हापिसात जाते म्हणून. मला लाज वाटली आणि मी तिला दटावलं. "हे बघ, तिथे जे विचारतील ना, ते कुणाला सांगत बसू नको. कुणालाच नाही. एकीने फोडलं की बाकीच्या पाठ करून येतात."

"नाय गो सांगत," आई म्हणाली आणि पदर सावरून गप्प बसली.

मॅडम फोनवर होत्या म्हणून मीच सुरुवात केली. तीन शब्द सांगितले, सफरचंद, घड्याळ, रुमाल, आणि म्हटलं, "हे लक्षात ठेव, मागून विचारणार." मग पहिला प्रश्न. आज तारीख कोणती?

आईने खिडकीबाहेर पाहिलं. "तारीख... तारीख काय म्हायत नाय बाय. आज सप्तमी."

पत्रिकेवर सप्तमीला जागा नव्हती. मी शून्य घातलं. इंग्रजी महिनाही तिला सांगता येईना. शंभरातून सात वजा करत जायचं होतं. ती म्हणाली, शंभरातनं सात कशाला काढायचं? एक प्रश्न होता, आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत? आईने वर पाहिलं, खाली पाहिलं, मला विचारलं, "जिना कुठं हाय?" आमच्या इमारतीला जिनाच नव्हता. मग कागदावर एक आकृती बघून काढायची. दुसरीत शाळा सुटल्यापासून तिने पेन्सिल धरलेली नव्हती. ती चुलीतलं लाकूड धरावं तशी पेन्सिल धरून बसली.

एवढ्यात मॅडम आल्या. "अगं, स्वतःच्या आईची परीक्षा तू नाही घ्यायची. ऊठ." त्या माझ्या जागी बसल्या आणि त्यांनी विचारलं, "काकू, मघाशी तीन शब्द सांगितले होते ना? कोणते?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. "नाय आठवत."

"एखादा तरी?"

"नाय."

तीसपैकी तेरा. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, असं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. आईचं रक्त मीच काढलं. नळीवर लाल पट्टी मीच लावली.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. मी आईवर पाळत ठेवली. आमटीत मीठ जास्त पडलं, मी मनात नोंद केली. मला हाक मारताना आधी थोरलीचं, मग मधलीचं, मग माझं नाव घेतलं, नोंद केली. खरं तर हे ती मी जन्मल्यापासून करत होती. छत्री एसटीत राहिली तेव्हा मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारीण डोकावून गेली. नंतर कळलं, छत्री मीच विसरले होते. बहिणींना सांगायचं धाडस होईना. आई नहाणीत गेली की मी रडून घ्यायची, आणि ती बाहेर आली की तोंड वाकडं करून बसायची.

तिच्याही लक्षात आलं होतं. एका संध्याकाळी तिने मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. "कोणाची नजर लागली कोण जाणे, पोर माझ्याकडं अशी बगते." मी निमूट बसून घेतलं. हीसुद्धा नोंद करावी का, असा विचार मनात आला होता, हे कबूल करते.

महिनाअखेर आली. पेटी दोन दिवसांत मुंबईला जायची होती. मी बर्फ सांगायला मिरकरवाड्याला गेले. जेटीवर एक म्हातारे तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, बर्फाला गेलीस की एखाद्याची पत्रिकाही घेऊन ये. मी चाचांना विचारायला बसले.

तारीख नाही. महिना नाही. मजल्याचा प्रश्न मी लाजून गाळला. शंभरातून सात म्हटल्यावर चाचा हसले. "कशाला छळतंस म्हाताऱ्याला?"

तेवढ्यात खालच्या होडीतून एक खलाशी ओरडला, "चाचा, आज सुकती कधी?" सुकती म्हणजे ओहोटी.

जाळ्यावरची नजर न काढता चाचांनी उत्तर दिलं, "चांद नववा, म्हणजे ह्यांची दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. भरती साडेसाताला भरली, सुकती दीडला."

मी घड्याळात पाहिलं. एक वाजत आला होता आणि धक्क्याच्या पायऱ्या जवळजवळ उघड्या पडल्या होत्या. ज्या माणसाला मी आत्ताच वजाबाकीत शून्य दिलं होतं, त्याने आपल्या मुसलमानी महिन्याचा दिवस आमच्या तिथीला जुळवून, तिला पाऊणने गुणून, त्यात सहा तास मिळवून हिशेब माझ्यासमोर ठेवला होता. आणि दुसऱ्याच क्षणी मला दिसली आमच्या घरातली सकाळ. आई वेणी घालते आहे, शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, कधी निघायचं गो खाडीत? आणि आई तोंडात आकडा धरून सांगते, साडेदहाला. रोज वेगळी वेळ. मी हे इतकी वर्षं ऐकत होते की ऐकूच येईनासं झालं होतं.

मी कपाळावर हात मारला. बर्फाचं सांगायचं विसरून घरी पळाले.

आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. चप्पल काढायच्या आतच मी विचारलं, "षष्ठीला सुकती कधी?"

"साडेदहाला."

"अष्टमीला?"

"बारा. आणि जाऊन उपेग नाय, अष्टमीला भांग असतो, पाणी धड उतरत नाय. का? तुला तिसऱ्या पायजेत?"

"एकादशीला?"

"सव्वादोन. काय झालं गो तुला?"

मी तिच्या गळ्यात पडले. तिने तांदळाचं सूप बाजूला सरकवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमशी कडाक्याचं भांडण झालं. त्या म्हणाल्या, पत्रिका ठरलेली आहे, आपल्या आईसाठी ती बदलता येत नाही. मी म्हटलं, आईसाठी नका बदलू, पण लाल ढीगभर का झाल्या ते तरी बघा. सगळे लाल खाडीकाठचे, बंदरावरचे, कमी शिकलेले. निळे कोण? निवृत्त मास्तर आणि बँकेतले. आपण आजार नाही मोजलेला, भिंतीवरचं कॅलेंडर मोजलंय. आवाज चढला होता माझा. मला वाटलं, नोकरी गेली.

मॅडमनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग उठल्या, पर्स घेतली. "चल, तुझ्या घरी."

वाटेत त्यांनी बंदराच्या कचेरीतून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मागून घेतलं. आमच्या ओटीवर पाटावर बसून त्यांनी कोष्टक आणि कॅलेंडर मांडीवर घेतलं आणि पुढच्या महिन्यातल्या मनाला येतील त्या तिथी आईला विचारल्या. वद्य त्रयोदशी. "तेराची पाऊणपट पावणेदहा, सुकती पावणेचारला." शुद्ध चतुर्थी. "भरती तीनला, सुकती नवाला." थोड्याफार मिनिटांचा फरक सोडला तर आई चुकली नाही. मॅडम घाईने पानं उलटत होत्या आणि आई मात्र त्यांना चहात साखर किती घालू, हे मधूनच विचारत होती.

शेवटी त्यांनी कोष्टक मिटलं. "पेटी थांबव," त्या मला म्हणाल्या. "सगळ्या लाल लोकांना पुन्हा विचारायचं. त्यांच्या पद्धतीने."

पुढचा दीड महिना आम्ही दोघी तेच करत फिरलो. जागेचे, दिवसाचे, हिशेबाचे प्रश्न मॅडमनी इथल्या माणसांना विचारून नव्याने लिहिले. तिथी कोणती, पाणी कधी चढेल, बाजारात सध्या कुठली मासळी येते आणि कुठली बंद झाली. बहुतेक लाल पट्ट्या उतरल्या. चाचांनी तर मॅडमनाच उलट परीक्षेला बसवलं आणि नापास केलं. सगळ्याच उतरल्या नाहीत. एक म्हातारी मासे विकणारी बाई होती, जन्म किनाऱ्यावर गेलेला. मी तिला समुद्रासमोर उभं करून विचारलं, पाणी येतंय का जातंय? ती पाण्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली. तिची पट्टी लालच राहिली. तिला आणि तिच्या सुनेला आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, काळजी कशी घ्यायची ते सुनेला समजावलं. आजार खरा असतो तेव्हा तो कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आईची पत्रिका मॅडमनी स्वतः घेतली. मी बाहेर पायरीवर बसले होते. त्या दार उघडून फक्त म्हणाल्या, "सव्वीस." माझा जीव भांड्यात पडला. मी आत जाऊन फ्रीझर उघडला. थंडीने पट्टीचा गोंद घट्ट बसला होता, नखाने खरवडून काढावी लागली. निळी लावली आणि नळी दुसऱ्या स्टँडमध्ये ठेवली.

त्या संध्याकाळी आई मागीलदारी तिसऱ्या धूत होती. मी शेजारी बसून एकेक फोडत होते. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्याकडे नुसती बघत होते, नोंदी न करता. हसत म्हटलं, "पास झालीस हो. ते तीन शब्द तेवढे याही वेळी आठवले नाहीत तुला."

"कुठले शब्द? सफरचंद, घड्याळ, रुमाल, ते?"

मी तिच्याकडे वळले. "तुला आठवतायत?"

"न आठवायला काय झालं?"

"मग मॅडमनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

आईने पाण्यातून मूठभर तिसऱ्या उचलून टोपलीत टाकल्या. माझ्या अकलेची कीव यावी तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"तूच नाय का म्हणालीस एसटीत? कुणालाच सांगू नको म्हणून."