दगडावरचं अकरावं नाव

त्या सुताराला सगळं गाव धाकटा भाऊ म्हणून ओळखत होतं. खरं तर तो थोरला. हे त्याच्याखेरीज फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं.

लढाई पेटली तेव्हा आई दोन्ही मुलांना घेऊन या गावात नुकतीच राहायला आली होती. दोघे एका साच्यातून काढल्यासारखे. कोण थोरला, कोण धाकटा, हे शेजाऱ्यांनाही नीट उमगलं नव्हतं. भरतीचा हुकूम आला थोरल्याच्या नावाने. तो तापाने फणफणलेला, ग्लानीत बरळत पडलेला. दारात ट्रक उभा, हवालदार हाका मारतोय.

"आजारी आहे म्हटलं तर सोंग समजून फरफटत नेतील त्याला," धाकटा म्हणाला. जेमतेम अठराचा पोरगा. त्याने थोरल्याचा सदरा अंगात अडकवला, कागद खिशात कोंबले. "रडू नकोस गं आई. दादा बरा होईपर्यंत येतोच मी."

तीन महिन्यांनी तार आली : थोरला मारला गेला.

थोरला ताडकन उठला, कचेरीत जाऊन खरं सांगायला निघाला. आईने दार अडवलं. "एक गेला. तू तोंड उघडलंस तर दुसराही जाईल. माझी शपथ आहे."

तो गप्प बसला. धाकट्याच्या नावाने जगला, त्याच नावाने लग्न केलं. बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. बघता बघता नऊ वर्षं गेली.

मग गावाने चौकात स्मारकाचा दगड उभा केला. त्याभोवतीची लाकडी परांची त्यानेच बांधली होती. दहा नावं कोरून झाली. अकराव्याला पाथरवटाने त्याला हाक मारली.

"तुझ्या दादाच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ? मागाहून खोडता यायचं नाही बरं."

"दीर्घ," तो म्हणाला.

छिन्नी टेकली. पहिला घाव पडला, दुसरा पडला. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन येत होती. देखरेखीला निवृत्त सुभेदार खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या मुलाचं नाव सर्वांत वर होतं. पहिलं अक्षर उमटत आलं आणि सुताराने पाथरवटाचं मनगट धरलं.

"थांबा. ते नाव खोदू नका."

"का रे? चुकलं का काही?"

"ते माझं आहे."

"ऊन लागलं वाटतं तुला!" पाथरवट हसला. पण त्याचा चेहरा पाहून हसू तिथेच विरलं.

सुताराने सगळं सांगितलं. सुभेदार उठले. "तुझ्या जागी पोर मेलं, आणि तू इथे रंधा मारत बसलास?"

बायकोने डबा पायरीवर ठेवला. "मग माझं लग्न झालं ते कुणाशी?" एवढं विचारून ती उत्तराला थांबलीच नाही.

सुभेदारांनीच पोलिसांना बोलावलं. तीन आठवडे तो कोठडीत होता. शेवटी दवाखान्याच्या जुन्या वहीत त्याच्या तापाची नोंद सापडली, तारखेसकट, आणि त्याला सोडलं. पण दगडाचं काय? असल्या घरातलं नावच नको, असं काहींचं म्हणणं. सुभेदारांनी त्यांना झाडलं. "भ्याला तो हा. गेला तो भ्याला नाही. त्याचं नाव घाला."

पाथरवटाने चुकीचं अक्षर घासून काढलं, तिथे बोटभर खळगा राहिला. त्या खळग्याखाली धाकट्याचं नाव आलं.

आईला आता नीट दिसत नव्हतं. थोरल्याने तिचा हात धरून अक्षरांवरून फिरवला. नऊ वर्षं ती चारचौघांत थोरल्याचं नाव घेऊन रडली होती. आज तिने धाकट्याला त्याच्या नावाने हाक मारली, भर चौकात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा.

बायको महिन्याभराने माहेरून परतली. "सवय व्हायला वेळ लागेल," म्हणाली, आणि पहिल्याच हाकेला त्याच्या खऱ्या नावाशी अडखळली.