रखमाआक्काला कडू घास कोणी नेला नाय

ग्रुपमधल्यांनो, मी हितं नुसतं वाचते. आज लिहितेय, कारण घरात कुणाला सांगता येत नाय.

आमच्या निरगुडसरला रखमाआक्का आन् सोनाआक्का जन्मभर एका घरात राहिल्या. गाव त्यांना मैतरणी म्हणतं. त्या एकमेकींच्या काय व्हत्या ते मला कळतं, कारण मी बी तशीच हाय.

काल सोनाआक्का गेली. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाय. शेजारचे पिठलं-भाकरी नेतात आन् घरच्यांना हातानं भरवतात. त्याला कडू घास म्हणतात.

सगळ्यांनी नेलं ते सोनाआक्काच्या भावाकडं. आईनं मला बी तिकडंच धाडलं. तिथं लई भाकरी झाल्या. सोनाआक्काची भावजय म्हणाली, "उरल्यात त्या म्हशीला घाल गं."

त्यातल्या दोन घेऊन मी रखमाआक्काकडं गेले. ती एकटीच बसली व्हती. तिला शुगर हाय. सकाळी उपाशीपोटीच गोळी घेतलेली, साखर उतरून हात थरथरत व्हते.

"आक्का, खा की."

"आज आपल्या हातानं खायचं नसतं बाई."

मग मी भरवलं. दोनच घास खाल्ले तिनं, तेवढ्यात आई दारात आली.

"हिला कशाला गं घास? ही सोनाआक्काची लागती तरी कोण?"

मला माहिती व्हतं. आक्काला बी माहिती व्हतं. तिनं भाकरी बाजूला सारली. मग आई मला घेऊन गेली.

उद्या बी तिची चूल पेटणार नाय, आक्का उपाशीच गोळी घेणार. आई म्हणती, परत तिकडं जायचं नाय.

तुमी असता तर आईला काय सांगितलं असतं?