फटफटीवरची मागची जागा

आमच्या कोळीवाड्यात मासळी पकडायची पुरुषाने आणि विकायची बाईने. हे कुणी ठरवलं ते मला ठाऊक नाही. होडी वाळूला लागली, मासळी पाटीत पडली, की नवऱ्याचा तिच्यावरचा हक्क संपला. पुढचं सगळं बायकोचं. भाव तिचा, भांडण तिचं, गिऱ्हाईक तिचं. मी शाळा चार इयत्ता शिकले आणि बाकीचं सगळं बोर्ली पंचतनच्या बाजारात, आईच्या पाटीशेजारी बसून. म्हणून पुढे जे रामायण झालं त्यात माझी चूक होती असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढची. माझा नवरा सहा वर्षं मुंबईत एका पारशी शेटच्या मोटारखान्यात इंजिनं उघडायच्या आणि बसवायच्या कामाला होता. सासरे वारले तसा होडी सांभाळायला गावी परत आला. घरात आम्ही तिघं, तो, मी आणि सासू. होडीला मासळी बरी लागायची, पण ती खपवायची कुठे हाच रोजचा घोर. ऊन चढेपर्यंत बोर्लीत खपली ती खपली, उरलेली पाटलाच्या खोपीत मिठात जायची. पाटील म्हणजे आमच्या कोळीवाड्याचा मुख्य. भांडणतंटे तोच मिटवायचा, आणि मासळी खारवायची खोपही त्याचीच. तिथे त्याने हातावर टेकवलं ते मुकाट्याने घ्यायचं. तिकडे डोंगरापलीकडे माणगावला मोठा बाजार, कचेरीतली माणसं, भातशेतीवाली गावं, आणि त्यांच्या ताटात समुद्राची मासळी पडायची ती सुकलेलीच. सर्व्हिस मोटरवाला ओली पाटी दिसली की लांबूनच हात हलवायचा. उतारूंना वास येतो म्हणे.

अशात शेटचा निरोप आला. त्याच्याकडे दोन जुन्या गाड्या पडून होत्या, त्यातली एक स्वस्तात घेऊन जा म्हणून. मी नवऱ्याला म्हटलं, मीही येणार. आगबोटीने गेलो.

मोटारखान्याच्या मागच्या अंगणात दोन्ही उभ्या होत्या. एक बुटकी. चाकं सुपाएवढी, पाय ठेवायला फळी आणि एका दांड्यावर एकच बसकण. कुणा मडमेची होती म्हणे. पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईत स्कूटर दिसायला लागल्या तेव्हा मी ओळखलं, ती ह्यांची पणजी होती. दुसरी चांगली उंच फटफटी. मोठी चाकं, मधे पेट्रोलची टाकी, आणि मागच्या चाकावर लोखंडी चौकट. त्या चौकटीवर माणूस बसू शकत होता. मी तेवढंच बघितलं आणि माझं ठरलं.

नवऱ्याचं मात्र बुटकीवर मन बसलं. "ही हलकी हाय. होरीत दोघं उचलून ठेवतील. पेट्रोल कमी पिते. फळीवर पायापुढं पाटी राहते."

"आणि मी कुठं राहते?" मी विचारलं.

"तू घरी. मी जाईन नि विकून येईन."

मला हसू आवरेना. शेट आमच्याकडे बघत राहिला. नवऱ्याचे कान लाल झाले, पण तो हटला नाही. निघताना त्याच्या आईने बजावलं होतं, "बाई बसंल अशी गाडी दारात आनू नको." ती आज्ञा त्याच्या डोक्यात बसलेली. शेवटी शेट म्हणाला, "घेऊन जा, डिकरा. पंधरा दिवस चालवून बघ. नाय जमला तर परत आण, दुसरी ने." असा भला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

बुटकी घरी आली. पहिल्याच दिवशी नवरा पाटीत सरंगे भरून, वर ओलं गोणपाट टाकून माणगावला निघाला. बैलगाड्यांनी रस्त्याला खोल चाकोऱ्या पाडलेल्या, त्यात ती सुपाएवढी चाकं रुतायची. म्हसळ्यापर्यंत तो तीनदा पडला, हे मला नंतर कळलं. पण खरी फजिती बाजारात झाली. मासळी समोर मांडून हा गप्प बसला. तोंडातून हाक फुटेना. पहिल्या बाईने विचारलं, केवढ्याला? ह्याने तिलाच उलट विचारलं, तुम्ही काय द्याल? बस्स. बाजारभर बातमी झाली की एक कोळी आला आहे आणि मागाल त्या भावाला देतो आहे. दुपारी घरी आला तेव्हा पाटी रिकामी होती, खिसाही जवळजवळ रिकामाच, आणि गुडघे फुटलेले.

"जाळं ओढनं सोपं," एवढंच म्हणाला तो. मी हळद लावली आणि तोंडाला कुलूप घातलं. तशी वेळ माझ्यावर फार वेळा आली नाही.

पंधरा दिवस पुरे व्हायच्या आतच फटफटी आली. सासू ओट्यावरून उठून आत गेली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. आमच्या लोहाराने मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन कड्या ठोकून दिल्या. दोन कड्यांना दोन पाट्या, आणि मधे चौकटीवर गोणपाटाची घडी घालून मी. एका अंगाला दोन्ही पाय टाकून बसले की गाडी त्या अंगाला कलायची आणि पाट्या रस्त्याला घासायच्या. तेव्हा बसायची रीत एकच, दोन्हीकडे पाय टाकून, घोड्यावर बसल्यासारखी. कासोट्याचं लुगडं त्यासाठी उत्तम. मुंबईच्या गोल पातळवाल्या बायकांना ते जमलं नसतं, आम्हाला काय अडचण?

माणगावला मी पहिल्यांदा बसले तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी सरंग्याचा कल्ला उचलून दाखवला, आतला लाल रंग दाखवला आणि हाक दिली. बायका जमल्या. ताजा सरंगा त्यांनी जन्मात बघितला नव्हता. एका म्हातारीने त्याला बोट लावून बघितलं आणि विचारलं, "जिता हाय काय गो?" ऊन चढायच्या आत दोन्ही पाट्या उलट्या झाल्या. परत येताना मी नवऱ्याच्या पाठीमागून सगळी वाट बडबडत होते. वाऱ्यामुळे त्याला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं.

महिना दोन महिने असे गेले. आमची मासळी खोपीत जाणं बंद झालं. मग शिमग्याच्या आधी देवळापुढे बैठक बसली आणि मला बोलावणं आलं.

पाटील म्हणाला, "सूनबाय, लाज न्हाय? पुरुषावानी टांगा टाकून बसतेस, भर रस्त्यात नवऱ्याला चिकटून. बाकीच्या पोरीबाळी बघतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "पाटील, गुडघ्याच्या वर लुगडं खोचून आमी चिखलात उभ्या ऱ्हातो, जाळी धुतो, होरीतनं पाट्या उतरवतो. तवा कोनाला काय दिसत न्हाय. गाडीवर बसले की सगल्यांना डोले फुटले?"

मागे बायका उभ्या होत्या, त्यांच्यातली एक फिसकन हसली. तिथेच घात झाला. पाटलाला माझं बोलणं एक वेळ सोसलं असतं, ते हसू सोसलं नाही. त्याने आमचं घर वाळीत टाकलं. आमच्याशी कुणी बोलायचं नाही, लग्नकार्याला बोलवायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. आणि माझ्या डोक्यावर पाटी चढवायला कुणी हात लावायचा नाही. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसरीने उचलून द्यावी लागते, आणि ती दिली नाही की कोळीण घरी बसली, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. माझी पाटी आता कडीला लटकत होती.

पण त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला माहीत होती. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पुनवेला त्या पुन्हा पाण्यात लोटायच्या तर तीस-चाळीस माणसं लागतात. सगळा वाडा एकेका होडीला खांदा देतो. आमच्या होडीला कोण देणार होतं?

त्या उन्हाळ्यात मी नवऱ्याच्या मागे लागले, मला गाडी शिकव. ओहोटीला पुळणीची वाळू ओली आणि घट्ट असते. तिथे त्याने मला शिकवलं. अनवाणी पायाने किक मारताना घोटा सुजला. दोनदा पाण्यात गेले. वाळीत टाकल्यामुळे एक सुख होतं, हसायला कुणी जवळ येत नव्हतं.

श्रावण आला. पुनवेच्या चार दिवस आधी पाटलाने निरोप धाडला. सूनबाईने देवळापुढे नारळ ठेवावा, पुन्हा फटफटीवर बसणार नाही असं चारचौघांत म्हणावं, की सगळा वाडा होडीला हात लावील.

नवरा दोन दिवस होडीभोवतीच घुटमळत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "म्हन की. एक शब्द तर हाय. होरी पान्यात गेली की मंग बघू."

"आनि मंग विकनार कोन? तुमी?"

"खोपीत घालू. बापूस घालायचाच ना."

त्याचा राग आला त्यापेक्षा त्याची कीव जास्त आली. होडी त्याच्या बापाची. तिच्या फळीन्‌फळीला त्याने लहानपणापासून तेल लावलेलं. ती वाळूवर सुकून फाटलेली त्याला बघवणार नव्हती. हे सगळं मला कळत होतं, आणि तरीही मी म्हटलं, "मी म्हननार न्हाय. होरी ऱ्हाऊ दे वाळूवर." त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

पुनवेला वाजतगाजत सगळ्या होड्या पाण्यात गेल्या. आमची एकटी माडाखाली राहिली. सासू तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने मला ऐकू जाईल अशा आवाजात माझा उद्धार केला. मी उलट बोलले नाही. त्या बाईचं दुःख खरं होतं. मी नारळ मात्र ठेवला नाही.

आठ दिवसांनी नवरा रेवसला गेला, एका ओळखीच्या तांडेलाच्या होडीवर खलाशी म्हणून. स्वतःच्या होडीचा मालक दुसऱ्याची जाळी ओढायला गेला, तो माझ्यामुळे. जाताना त्याने फटफटीच्या साखळीच्या कुलपाची चावी माझ्या हातात दिली. रागाने दिली की विश्वासाने, ते त्याने पुढे कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गणपती गेले, रस्ता वाळला, तशी मी एका सकाळी कासोटा आवळला आणि गाडी बाहेर काढली. दिघीच्या बंदरावर आमच्या पाटलाचा हुकूम चालत नव्हता. तिथून सुरमई घ्यायची आणि माणगाव गाठायचं. वाड्यातून जायचा रस्ता एकच. तिसऱ्या किकेला इंजिन धडधडलं. दारादारांत माणसं उभी राहिली. पाटील खोपीपुढे मीठ उतरवून घेत होता. मी त्याच्या समोरून गेले, मान ताठ ठेवून, आणि उगाच भोंगा वाजवला. गरज काही नव्हती. मागे बसू नको म्हणाला होता ना? मग पुढे बसले होते.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. जाताना रिकाम्या पाट्या, येतानाही रिकाम्या. सगळा वाडा ते रोज बघत होता, आणि त्यांची उरलेली मासळी रोज खोपीत जात होती.

मग एका सकाळी वाड्याबाहेरच्या वळणावर मला एक बाई पाटी घेऊन उभी दिसली. पाटलीण होती. पाटलाची बायको. लग्नाआधी ती बोर्लीच्या बाजारातली नाणावलेली विक्रेती, माझ्या आईच्या समोर बसायची, तिची हाक पार देवळापर्यंत ऐकू यायची. पाटलाच्या घरात आली आणि पाटलीणबाईने बाजारात बसायचं नसतं म्हणून तिची जागा गेली. वीस वर्षं तिच्या होडीची मासळी तिच्याच नवऱ्याच्या मिठात पडत होती.

मी गाडी थांबवली. वाटलं, शिव्या देणार. नाहीतर पाटी माझ्या हवाली करून म्हणणार, विकून ये आणि कुणाला सांगू नको. तीही मी घेतली असती.

तिने पाटी स्वतःच कडीला अडकवली. गोणपाट नीट केलं.

"देऊ काय विकून?" मी विचारलं.

"तू कशाला?" ती म्हणाली. "माझी मासली मी इकीन. सरक वाईच पुढं."

चाळिशीची बाई. लुगडं खोचून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, एक पाय पलीकडे टाकून ती मागच्या जागेवर बसली.

"पाटील बघतील," मी म्हटलं.

"बघू दे. आनि गो, वाड्यातनं वळवून घे. इकडनं गुपचूप नको."