किरकोळ नुकसान

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दुसऱ्या महायुद्धातली शेवटची चकमक पुण्यात, रविवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी साडेदहाला झाली. तोवर युद्ध संपून वीसेक वर्षं उलटली होती. पण हवालदारांना त्याचं काय?

हवालदार म्हणजे आमच्या चित्रपट मंडळाचा प्रोजेक्टर चालवणारे गृहस्थ. मोमीनपुऱ्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. फौजेत वायरलेसवर होते, त्यामुळे इंग्रजी कानात मुरलेलं. परदेशी वकिलातींकडून फुकट मिळणारे माहितीपट आम्ही दाखवायचो आणि मशीनशेजारी उभे राहून हवालदार माइकवरून त्यांचं मराठी करायचे. म्हणजे त्यांचं स्वतःचं मराठी. कुठल्याशा देशातल्या गव्हावर निवेदक पाच मिनिटं भारावून बोलला, तर हे म्हणाले, "गहू चांगला आलाय. आपल्याला मिळणार नाही. बघून घ्या."

स्तुतीचं भाषांतर तर ते करतच नसत. "आता दोन मिनिटं हे स्वतःची पाठ थोपटणार आहेत. तोवर कुणाला खोकायचं असेल तर खोकून घ्या."

त्या रविवारी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरच्या मोहिमेचा माहितीपट होता. अशी मोहीम झाली हे आमच्यापैकी कुणाला ठाऊकही नव्हतं. हवालदार मात्र तिथे होते. सकाळी रीळ तपासताना त्यांनी तो एकट्याने पाहिला आणि थेट मंडळाच्या चिटणिसांसमोर जाऊन उभे राहिले.

"यात आमची तुकडी नाही."

"मग तुम्हीही त्यात पडू नका," चिटणीस म्हणाले. "वकिलातीचे पाहुणे येणार आहेत. एक शब्द जास्त झाला, तर पुन्हा मशीनला हात लावायचा नाही."

मशीनवर हवालदारांचा जीव. भिंग पुसायला स्वतःच्या जुन्या बनियनचं मऊ फडकं घरून आणायचे. त्या दिवशी ते सरळ जाऊन भिंग पुसू लागले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पडद्यावर किनारा आला, होड्या आल्या, गोरे चेहरे आले. किरकोळ नुकसानीत बेट हाती आलं, असं निवेदक म्हणाला आणि हवालदारांनी फिल्मचा आवाजच बंद केला.

"साहेब म्हणतो, किरकोळ नुकसान. त्या किरकोळात आमचे सात जण आहेत. पहिला भोरचा दगडू. पोहता येत नव्हतं. पाणी नाकापर्यंत, वायरलेसचा सेट डोक्यावर. सेट कोरडा पोचला. दगडू पोचला नाही."

"हवालदार!" चिटणीस पहिल्या रांगेतून ओरडले. "चित्रपटात आहे तेवढंच सांगा!"

"चित्रपटात नाही, म्हणून तर सांगतोय. दुसरा, आमच्याच गल्लीतला करीम."

त्यानंतर मंडळाने हवालदारांना पुन्हा बोलावलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. शेवट मला माझ्या मर्जीने करायचाय. माझ्यापुरतं म्हणाल, तर वर्तमानपत्रात 'किरकोळ' वाचलं की आजही मी नावं शोधतो.

तर, चिटणीस मशीन बंद करायला तरातरा निघाले, ते थेट प्रकाशाच्या झोतात. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर होड्या डुलू लागल्या आणि पडद्यावर त्यांची भलीमोठी सावली पडली. हवालदार तिसऱ्या नावावर होते. आवाज तसूभरही हलला नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एक बाई, मांडीवरची पर्स घट्ट धरून, मोठ्याने म्हणाल्या,

"अहो, खाली बसा! तुमच्यामुळे बेट दिसत नाहीये!"